बांगड्याचा कौल

परबांच्या घरी देवाला विचारल्याशिवाय पान हलत नाही. पान एक वेळ हलेल, पण फ्रिज हलत नाही. भांडुपच्या त्या दोन खोल्यांत पहिला फ्रिज आला तो गावच्या रवळनाथाला विचारूनच. पहिल्या खेपेला देवाने नाही म्हटलं, म्हणून सुलक्षणाने आणखी एक अख्खा उन्हाळा माठातलं पाणी पिऊन काढला. गॅलरीला ग्रिल लावायचं, विचारा देवाला. लेकीने, दिशाने, पुण्याची नोकरी धरायची, विचारा देवाला. सुलक्षणा म्हणायची, आमच्या घरात निर्णय घेणारे तिघे आणि त्यातला एकही भांडुपला राहत नाही. एक देव, दुसरा देवाचा गुरव आणि तिसरे तिच्या नवऱ्याचे, गुणाजीचे, थोरले भाऊ अण्णा.

कौल ज्याला ठाऊक नसेल त्याच्यासाठी थोडक्यात सांगायला हवं. गावच्या देवळात गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, एक उजवीकडे, एक डावीकडे. मग घरचा कोणी माणूस समोर उभा राहून गाऱ्हाणं घालतो, म्हणजे आपलं काय अडलंय ते खड्या आवाजात देवाच्या कानावर घालतो, आणि जमलेली माणसं दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. त्यानंतर वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. परबांच्या वतीने उभे राहायचे ते अण्णा. त्यांचं गाऱ्हाणं एकदा सुरू झालं की देवालाही मधे बोलायची सोय नसायची.

आता कोणी म्हणेल, सुलक्षणा कंटाळली असेल या सगळ्याला. कंटाळली होती, पण देवाला नव्हे. संध्याकाळी तसबिरीपुढे दिवा लावल्याशिवाय तिला चहा जायचा नाही. तिचं भांडण होतं ते नवऱ्याशी. गुणाजी चाळीस वर्षं एलबीएस रोडवरच्या कंपनीत फिटर होता, भली मोठी मशिनं उघडून जोडायचा, आणि घरी आला की बल्ब कुठल्या कंपनीचा आणायचा यावर दोन दिवस घालवायचा.

या घरात कौल न घेता आलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे बांगडा.

बांगडा हा कुत्रा. दारावर मासे घेऊन येणाऱ्या वनमाला कोळिणीच्या पाटीतून एक दिवस एका पिल्लाने बांगडा पळवला आणि तो तोंडात धरून तडक परबांच्या घरात शिरून गुणाजीच्या खुर्चीखाली बसलं. पाठीवर काळे-करडे पट्टे, पोट चंदेरी, आणि तोंडात स्वतःएवढा मासा. दुसरं नाव सुचणं शक्यच नव्हतं. सुलक्षणा कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "घरात कुत्रा नको. ठेवायचाच तर आधी देवाला विचारा." गुणाजी म्हणाला, "विचारतो, उद्या विचारतो." या गोष्टीला पाच वर्षं झाली. तो उद्या काही उजाडला नाही, आणि सुलक्षणानेही पुन्हा आठवण केली नाही.

करणार कशी? महिन्याभरात तीच त्याला बांगड्याची डोकी उकडून घालायला लागली होती. ओट्यापाशी उभी राहून ती डोकं हवेत भिरकवायची आणि उंबऱ्यात बसलेला बांगडा ते डाव्या अंगाला मान वळवून वरच्या वर झेलायचा. पाच वर्षांत एक डोकं फरशीला लागलं नव्हतं. शिवाय गणपतीत गुणाजी गाऱ्हाणं घालायला उभा राहिला आणि सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलं की बांगडा मुस्कट वर करून लांबलचक सूर लावायचा. वरच्या मजल्यावरची माणसं आरतीला नाही, पण त्या सुराला मात्र हटकून खाली यायची.

आणि एका शुक्रवारी डोकं फरशीवर पडलं.

सुलक्षणाने त्याला शिव्या घातल्या. म्हातारा झालास काय रे मेल्या, म्हणाली. शनिवारी पुन्हा पडलं. बांगडा हुंगत हुंगत त्याच्यापाशी गेला. तिने हात पुसले, त्याच्यापुढे फतकल मारून बसली आणि त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. डावा डोळा लाल झाला होता आणि बाहुलीच्या कडेला काळा डाग होता, तुरीच्या डाळीएवढा. हा डाग आधी होता का? होता बहुतेक, मोहरीएवढा. आपण रोज बघत होतो आणि बघत नव्हतो, याचा तिला भयंकर राग आला.

मुलुंडला जनावरांचा दवाखाना होता. दिशाने बँकेतून रजा घेतली आणि चौघं एका रिक्षात बसून गेली. डॉक्टर मधुवंती वयाने दिशापेक्षा फार मोठी नसेल. तिने टॉर्च लावला, यंत्राने डोळ्यातला दाब मोजला, फोटो काढले. मग कापसाचा बोळा बांगड्याच्या डाव्या बाजूने अलगद खाली सोडला. बांगड्याने मान हलवली नाही. उजवीकडून सोडला तर त्याने तो खायचाच बेत केला.

"या डोळ्याने त्याला दिसत नाहीये," डॉक्टर म्हणाली. "हा डोळ्यातला कर्करोग आहे. डोळा काही राहणार नाही, काका. काढावा लागेल."

गुणाजी एवढं ऐकून उठला, पट्टा हातात घेतला आणि बांगड्याला घेऊन बाहेर गेला. दरवाजा मात्र त्याने हळूच लावून घेतला.

मग डॉक्टर उरलेल्या दोघींना म्हणाली, "डोळा गेलाय, कुत्रा गेलेला नाही. छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे, रक्त चांगलं आहे. आतला दाब वाढलाय, त्याला दुखतंय. अर्धशिशी असते ना काकू, तशी सतत. डोळा काढला तर रोग तिथेच थांबायची चांगली आशा आहे."

"लेझर वगैरे काही?" दिशाने विचारलं. तिने रात्रभर मोबाइलवर वाचलं होतं.

"डाग लहान असता तर करून बघितलं असतं. आता ती वेळ गेली. या आठवड्यात करून टाका. महिनाभर थांबलात तर मग मी शब्द देणार नाही."

बाहेर बाकड्यावर गुणाजी बसला होता. बांगड्याने त्याच्या गुडघ्यावर हनुवटी टेकली होती.

"डोळा काढायचा नाय," गुणाजी म्हणाला. "मुक्या जनावराच्या तोंडावर खड्डा करायचा? त्याला बोलता येत नाही म्हणून न विचारता कापायचं?"

"मग कोणाला विचारायचं?" सुलक्षणाने विचारलं, आणि विचारता विचारताच तिला उत्तर कळलं.

त्याच संध्याकाळी गुणाजी गॅलरीत जाऊन अण्णांशी फोनवर हळू आवाजात बोलला. दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णांचा फोन आला. गुणाजीने फोन कानाला लावला, दोनदा 'बरा' म्हटलं आणि फोन टीव्हीवर ठेवला.

"डावो दिल्यान," तो म्हणाला. "देव नाही म्हणाला."

दिशाचा पारा चढला. "बाबा, तो देव आहे, व्हेट नाहीये. त्याला एक्स-रे दाखवला होता का कोणी?"

"तोंड सांभाळ," सुलक्षणा म्हणाली. देवाला बोललेलं तिला खपायचं नाही. पण पोळी लाटताना तिचं लाटणं त्या दिवशी जरा जोरातच आपटत होतं.

पुढचे दिवस वाईट गेले. बांगडा स्टीलच्या कपाटाला कपाळ टेकवून उभा राहायचा, थंड पत्र्याला डोकं दाबून, अर्धा अर्धा तास. गुणाजी त्याच्याशेजारी खाली बसायचा. डॉक्टरने दिलेले थेंब घड्याळ लावून घालायचा, ओलं फडकं पिळून त्याच्या कपाळावर ठेवायचा, आणि स्वतःचं ताट तसंच झाकून ठेवायचा. कौल त्याने मानला होता, पण तो त्याच्या पोटात गेला नव्हता. सुलक्षणाला त्याचा राग यायचा आणि दयाही यायची, आणि दोन्ही एकदम आलं की ती भांडी घासायला घ्यायची.

ती काही हातावर हात धरून बसणारी बाई नव्हती. आधी तिने वेगळी वाट काढून बघितली.

"माझ्या माहेरच्या देवाला विचारूया," ती म्हणाली. "सातेरीला. ती पण देवीच आहे."

गुणाजीने गंभीरपणे विचार केला. "तसं चालणार नाही गो. प्रत्येक देवाची हद्द असते. कुत्रो खंयच्या हद्दीतलो, ता आधी बघूक होया."

"भांडुपच्या," दिशा म्हणाली. "एस वॉर्ड."

"जन्म भांडुपचा, पण अन्न परबांचं. म्हणजे रवळनाथाचाच झाला तो."

"मग ट्रान्सफर ऑर्डर काढा ना," दिशा म्हणाली, आणि तशा परिस्थितीतही सुलक्षणाला हसू फुटलं. गुणाजी हसला नाही.

मग तिच्या मनात पाप आलं. आलं म्हणजे आलं, लपवायचं कशाला? अण्णांना फोन करावा आणि सांगावं, पुन्हा कौल लावला असं सांगा आणि उजवा पडला म्हणा. एका शब्दाचा तर प्रश्न होता. तिने फोन हातातही घेतला. पण गुणाजीला फसवलं असतं तरी संध्याकाळी दिवा लावायला त्याच तसबिरीपुढे उभं राहायचं होतं. तिने फोन ठेवून दिला. डॉक्टरने दिलेला आठवडा मात्र संपत आला होता, आणि बांगड्याने त्या दिवशी उकडलेलं डोकं तोंडासमोर ठेवलं तरी खाल्लं नाही.

तेव्हा ती उठली, पदर खोचला आणि दिशाला म्हणाली, "लाव तुझ्या काकांना फोन. स्पीकरवर लाव. मला देवाला पुन्हा विचारायचंय, सरळ मार्गाने."

फोन लागला. गुणाजी कपाटापाशी बांगड्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता, त्यालाही सगळं ऐकू जात होतं.

"अण्णा, कौल पुन्हा लावता येईल का?"

"ता कसा शक्य आसा, वैनी?" अण्णा म्हणाले. धाकट्या भावाच्या बायकोलाही ते वहिनीच म्हणायचे, कारण तिच्या जिभेला ते थोडे वचकून असायचे. "एकच प्रश्न वर्साच्या आत दोनदा इचारलो तर देव रागावता. आपणाक एकदा सांगितल्यान, झाला."

"मग मला एवढंच सांगा, त्याला तुम्ही सांगितलंत काय? गाऱ्हाण्यात काय राहून तर गेलं नाही ना?"

हा प्रश्न अण्णांच्या वर्मी लागला. त्यांच्या गाऱ्हाण्यात काही राहून जाईल, हे पंचक्रोशीत कोणी म्हटलं नसतं. "माझ्या गाऱ्हाण्यात? ऐका तर मगे," ते म्हणाले, घसा खाकरला आणि फोनवरच उभे राहिले असावेत, कारण आवाज एकदम वर चढला.

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," सुलक्षणा म्हणाली. सवयच ती. कपाटापाशी बसलेला गुणाजीही म्हणाला.

"आज ह्या तुझा लेकरू गुणाजी पोटापाण्यासाठी मुंबैक ऱ्हवता म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा." आता दिशाही त्यांच्यात सामील झाली, जरा नाक मुरडून.

"तेच्या घराक एक मुक्या जनावर आसा, तेच्या डाव्या डोळ्यात काळो डाग इलो हा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा." तिघांचा आवाज खोलीत घुमला. एरवी इथे चौथा सूर लागायचा. बांगडा डोळे मिटून पडून राहिला.

"तर तो डोळो रवाचो आसात तर उजवो कौल दी, आणि रवाचो नसात तर डावो दी, आणि लेकराच्या जीवाचो घोर मिटय रे म्हाराजा..."

गुणाजी 'व्हय म्हाराजा' म्हणाला. सुलक्षणा म्हणाली नाही. तिने एक हात वर केला, जणू अण्णा तिला दिसतच होते.

"थांबा. डोळा राहणार का, हे विचारलंत?"

"व्हय. तसाच सांगितलेल्यान गुणाजीन."

"आणि बांगडा राहणार का, हे?"

फोनमध्ये मागे एक कोंबडी ओरडली.

"ता माका कोणी सांगल्यानच नाय," अण्णा म्हणाले, आणि त्यांचा चढलेला आवाज पार खाली आला.

सुलक्षणा खाली बसली, तिथेच, नवऱ्याच्या समोर. हसावं की रडावं तिला कळेना, म्हणून तिने थोडं थोडं दोन्ही केलं. "अहो, काखेत कळसा आणि गावाला वळसा. देवाने सरळ उत्तर दिलंय. डोळा राहणार नाही. ती डॉक्टर पोरगी वेगळं काय म्हणाली? तुम्ही पहिलं वाक्य ऐकून उठून गेलात. दुसरं वाक्य असं होतं की कुत्रा राहू शकतो. ते तुम्ही तिलाही विचारलं नाहीत आणि देवालाही नाही."

गुणाजी बांगड्याच्या कानामागे खाजवत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, "मला ठाऊक होतं मी काय विचारतोय ते."

"म्हणजे?"

"कुत्रा जगणार का, हे विचारायचा धीर नव्हता गो माझ्यात. डोळ्याचं विचारलं. डोळ्याला नाही म्हटलं तर सोसता आलं असतं. मग आलेला तो 'नाही' डोळा काढायलाच आहे असं धरून बसलो, म्हणजे पुढचं विचारायला नको." त्याने बांगड्याच्या कपाळावरचं फडकं सरळ केलं. "आणला तेव्हा पण त्यासाठीच विचारलं नव्हतं. देव नको म्हणाला असता तर? विचारलंच नाही, तर नाही कोण म्हणणार?"

दिशा पुढे आली. बापाच्या शेजारी भिंतीला टेकून बसली आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. सुलक्षणाला त्या क्षणी नवऱ्याबद्दल इतकी माया वाटली की तिने त्याला चांगलंच फैलावर घेतलं.

"मग आता विचारा. घाबरत घाबरत विचारा, पण विचारा. आणि एक माझी अट आहे. कौल येईपर्यंत थांबायचं नाही. अण्णा उद्या देवाकडे जातील, आपण डॉक्टरकडे जाऊ. ज्याचं काम आधी होईल त्याचं होईल."

"असा कधी कोणी केलेला नाय," फोनमधून अण्णा म्हणाले. ते अजून लाइनवर आहेत हे सगळे विसरले होते.

"मग आपण पहिले," सुलक्षणा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलुंडच्या दवाखान्यात बांगड्याला आत नेलं. जाताना त्याने मागे वळून पाहिलं, उजवीकडून, कारण डावीकडून पाहण्यात अर्थ नाही हे त्याला सगळ्यांच्या आधी कळलं होतं. गुणाजीच्या हातात रिकामा पट्टा राहिला. तिघं बाकड्यावर बसली. दिशाने तिघांसाठी चहा आणला आणि तो तिघांच्या हातात गार झाला.

पहिला फोन अण्णांचाच आला. "गाऱ्हाणा घातलंय. कुत्रो रवतलो काय, असा सोपा इचारलंय. पाकळे लावले हत."

"आणि?"

"अजून पडाक नाय."

थोड्या वेळाने पुन्हा. "नाय पडलो. उजवो पण नाय नि डावो पण नाय. चिकाटलो तो चिकाटलोच."

गुणाजीचा चेहरा उतरला. कौल अडला म्हणजे देवाच्या मनात काहीतरी आहे, असं गावाकडे म्हणतात. तो उठून फेऱ्या मारायला लागला. पण दोघांनी घाबरून चालत नसतं, हे सुलक्षणाला ठाऊक होतं. "देव विचार करतोय," ती म्हणाली. "फ्रिजलासुद्धा त्याने अख्खा उन्हाळा लावला होता. हा तर आपला बांगडा. बसा खाली."

तिसऱ्या फोनला अण्णा कळवळून म्हणाले की सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नाही, गुरवसुद्धा उपाशी आहे आणि आता घरून पेजेचा निरोप आलाय. "उठाक गावना नाय. निकाल लागल्याबिगर उठलो तर देवाचो अपमान." फोन चालूच राहिला. गुणाजी तो कानाला धरून उभा होता, तिकडे अण्णा पाषाणाकडे बघत होते आणि इकडे हा दरवाजाकडे बघत होता.

तेवढ्यात दरवाजा उघडला. डॉक्टर मधुवंतीने डोक्यावरची टोपी काढली. "झालं. छान झालं. शुद्धीवर येतोय. काका, या तुम्ही आधी."

गुणाजी फोन हातात धरूनच आत गेला, त्याच्यामागे दोघी. बांगडा चादरीवर आडवा होता. डाव्या बाजूचे केस भादरलेले, टाक्यांची नीट ओळ, गळ्यात प्लास्टिकचा भोंगा. खड्डा कुठेच नव्हता. डोळा मिटून एका कुशीवर झोपावं, एवढंच दिसत होतं. गुणाजी वाकला आणि त्याने नुसतं "बाबू" म्हटलं. बांगड्याचा उजवा डोळा अर्धवट उघडला आणि शेपटी टेबलावर आपटली. एकदा, मग थोडं थांबून आणखी एकदा. मग तो झिंगलेल्या माणसासारखा उठायला गेला आणि भोंग्यासकट गुणाजीच्या छातीवर आदळला.

गुणाजी रडत होता आणि ते लपवायचंही त्याला सुचत नव्हतं. फोन तोंडाशी धरून तो म्हणाला, "अण्णा, देवाक सांगा, आता तरास घेव नको. उठलो तो."

"असा कसा सांगू मी देवाक?" पलीकडून अण्णा ओरडले. "निकाल घेतल्याशिवाय... थांब. थांब, थांब, थांब." मग गुरवाचा आवाज, घंटा, आणि पुन्हा अण्णा, अगदी दमलेले. "पडलो रे. उजवो."

"माहीत आहे," गुणाजी म्हणाला.

डॉक्टरला काही कळेना, तेव्हा दिशाने तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे सेकंड ओपिनियन जुळलं तर." सुलक्षणाने तिथल्या तिथे ठरवलं की या पोरीला गणपतीत घरी जेवायला बोलवायचं.

टाके निघाले, भोंगा निघाला. तपासणीचा अहवालही आला. रोग डोळ्यातच होता, कडा स्वच्छ होत्या. दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं, डॉक्टर म्हणाली, पण तोंडावर हसू होतं. त्या दिवशी वनमालाने पाटी उतरवली तेव्हा सुलक्षणाने भाव केला नाही, आणि वनमालाने काळजीने विचारलं की तब्येत बरी आहे ना.

संध्याकाळी डोकी उकडली. बांगडा उंबऱ्यात बसला, कान टवकारून. सुलक्षणा ओट्यापाशी उभी राहिली आणि पाच वर्षांच्या सवयीने डोकं भिरकावलं. ते त्याच्या डाव्या अंगाने गेलं आणि फरशीवर पडलं. तिचा चेहरा पडला.

"उजव्या बाजूने दे गो," गुणाजी खुर्चीतून म्हणाला. "आता आपलं सगळं उजवीकडून."

ती ओटा सोडून पलीकडे, मोरीच्या बाजूला जाऊन उभी राहिली. कितीतरी वर्षांत ती स्वयंपाकघरात त्या बाजूला उभी राहिली नव्हती. तिने दुसरं डोकं उचललं आणि फेकलं. बांगड्याने बसल्या जागेवरून उडी मारली, हवेतच ते पकडलं आणि सगळ्या घराकडे अशा तोऱ्यात बघितलं, की शिकायला वेळ लागला तो तुम्हालाच.

मग आभाराचं गाऱ्हाणं. ते घातल्याशिवाय अण्णा सोडणार नव्हतेच. फोन स्पीकरवर लावून तसबिरीपुढे ठेवला, दिवा लावला, तिघं हात जोडून उभी राहिली. बांगडा मिशा चाटत येऊन मधोमध बसला.

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"तुझ्या लेकरान धीर केल्यान, नि तू तेका हात दिलंस म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"जशी ह्या मुक्या जनावरार नजर ठेवलंस, तशी सगळ्या लेकरांर ठेव रे म्हाराजा..."

"व्हय म्हा..." त्यांचं म्हणून व्हायच्या आत बांगड्याने मुस्कट वर केलं आणि सूर लावला. लांब, खणखणीत, गणपतीतल्यापेक्षा वरच्या पट्टीतला. वरच्या मजल्यावर कोणीतरी खिडकी उघडली. फोनमध्ये अण्णा थांबले. भर गाऱ्हाण्यात अण्णा थांबले, हे परबांच्या खानदानात पहिल्यांदाच घडलं.

"ह्या मधीच कोण बोलला?" त्यांनी विचारलं.

गुणाजीने खाली वाकून बांगड्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"ज्येच्यासाठी इचारलेला, तोच," तो म्हणाला. "तुमी घाला पुढे गाऱ्हाणा."